पोळ्या लाटणारी बाई

ज्या प्रसंगासाठी मला पुरस्कार मिळाला, तो मी चोरला होता. चोरी आईच्याच घरातली, म्हणून कुणी पकडली नाही. चित्रपटात नवरा गेल्याची बातमी येते आणि बायको, म्हणजे मी, पोळ्या लाटत राहते. डोळे कोरडे, नजर शून्यात. तव्यावरची पोळी करपून धूर होतो, तरी तिला पत्ता नाही. परीक्षकांना ते मूक दुःख फार भावलं. हे सुचलं कुठून, असं दिग्दर्शकांनी विचारलं तेव्हा मी नुसती हसले.

सुचलं कसलं, मी ते पाहिलं होतं. नागपूरच्या महाल भागात आमच्या दोन खोल्या होत्या. मी नऊ वर्षांची, बहीण सहाची. वडील कामासाठी सावनेरला गेले होते. तिथंच छातीत कळ आली आणि गेले. दुपारी त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ आमच्या दाराशी आले. आई दारातच त्यांच्याशी काहीतरी बोलली, आत आली आणि पोळ्या लाटायला बसली. आम्हाला जेवू घातलं, चूल विझवली, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत गेली. मग तिचा हंबरडा ऐकू आला.

पण गल्लीत गेला तो हंबरडा नाही, पोळ्या गेल्या. नवरा मेला आणि ही बाई लाटणं घेऊन बसली होती, काळजाच्या जागी धोंडा आहे हिच्या. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? त्रास याचा होतो की मीही ते अर्धंमुर्धं खरं मानलं. सोळाव्या वर्षी एका भांडणात ते तिच्या तोंडावर म्हटलंही. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

पुढं कॉलेजची नाटकं झाली, मग नाट्यस्पर्धा, मग मुंबई. माझ्या बोलण्यातलं वऱ्हाडी ऐकून तिथं लोक हसायचे, म्हणून वर्षभर मी जीभ घासून काढली. चित्रपट मिळाले. आईनं माझं एकही काम पाहिलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, असं मी चिडून म्हटलं की ती म्हणायची, "तिकीट काढून तुले काहून पाहू?"

या काळात मी उदारही झाले होते. नटीला माणसाचं मन कळतं, असा माझा समज होता. त्या जोरावर मी आईला माफ करून टाकलं: बिचारी सुन्न झाली असेल. पडद्यावरचा तो प्रसंग ही माझ्या लेखी त्या भांडणाची माफी होती. ती तिच्यापर्यंत पोचावी, एवढीच माझी इच्छा होती. पुरस्कारानं ते काम झालं नव्हतं.

तो चित्रपट टीव्हीवर लागणार असं कळलं तेव्हा मी शूटिंग सोडून नागपूरला आले. टीव्ही मीच घेऊन दिला होता. एरवी खोलीभर बायका जमायच्या, त्या दिवशी आईनं दार लावून घेतलं. आम्ही दोघीच होतो. तो प्रसंग आला आणि गेला. आई शेवटपर्यंत हलली नाही. मग उठून टीव्ही बंद केला.

"ते बाई पोळ्या कोणासाठी करून राहिली होती वं?"

"कोणासाठी म्हणजे? तिला काही सुचतच नाही आई. ती सुन्न झालीय."

"म्हणजे मी सुन्न झाली होती, असं वाटलं तुले."

मी मान डोलावली.

"कचेरीतल्या त्या भाऊजीचं तोंड पाहूनच समजलं मले," ती म्हणाली. "म्हटलं, भाऊजी, आत्ता काही सांगू नका. बाहेर बसा थोडं. बातमी कानावर पडली की सुतक लागलं. मंग चुलीले हात लावू देते काय कोणी? सावनेरवरून आणायचं, मंग घाटावर न्यायचं, रात्रच झाली असती. तुम्ही दोघी शाळेतून उपाशी आल्या होत्या."

मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "लोक इतकं बोलले. मी बोलले."

"काय सांगू? सुतकाले फसवलं म्हणून?"

एवढी वर्षं तिनं ते पाप म्हणून सांभाळलं होतं, आणि मी पडद्यावर त्याचं भलतंच काहीतरी करून हार घालून घेतले होते. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

"माझी एकही पोळी करपली नव्हती," ती म्हणाली. माझ्या अभिनयात तिनं काढलेली चूक एवढीच.

मग म्हणाली, "तू दुसरी पोळी मांगितली होती. ती मी सावकाश लाटली. भाऊजी बोलत नव्हते तोवर तुझे बाबा होते न."