थोडं काम बाकी असलेली गाडी

यवतमाळ जिल्ह्यात विकायला निघालेल्या कुठल्याही वस्तूची खरी किंमत या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळत असे, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नाची बोलणी करायला ही मंडळी आमच्याकडे आली तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि मामा मला बघत होते. कपाळापासून चपलेपर्यंत एकदा, चपलेपासून कपाळापर्यंत एकदा. मग शेजारच्या माणसाच्या कानात, पण आमच्या मागच्या गल्लीत सहज ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माल मध्यम हाय. पन कचरा नाई." पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की मामांनी आयुष्यात माणसाला दिलेली ही दुसऱ्या क्रमांकाची शाबासकी होती. पहिल्या क्रमांकाची कुणाला मिळाली ते मामींनाही ठाऊक नव्हतं. आपल्याला मिळालेली नाही, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामा नेरला राहत आणि तिथल्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर बाहेर काढायचा, चिमटीत धागा ओढून त्याची लांबी बघायची आणि मालाची प्रत सांगायची, हे काम त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलं. शेतकरी म्हणत, हा माणूस आमचा माल खाली पाडतो. साहेब म्हणत, हा वर चढवतो. दोन्हीकडचे लोक एकाच दिवशी चिडले की आपलं काम बरोबर झालं असं मामा समजत आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खात. मग कापसाचे वाईट दिवस आले. पीक आलं तर भाव नाही, भाव आला तर बोंडअळी हजर. केंद्र आधी आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागलं आणि नंतर कायमचं बंद झालं. मामांना घरी बसावं लागलं. पण पारखायची सवय काही घरी बसायला तयार होईना. त्यांनी मामींची पोळी खिडकीच्या उजेडात धरून "कडेले जाड हाय" असं सांगितलं आणि पुढचे तीन दिवस नुसता भात खाल्ला. शेजारच्या बारशाला गेले, पाळण्यात वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वजन चांगलं भरते. पन नाक बापाचं नाई." नाक आईवर गेलंय असं त्यांना म्हणायचं होतं, पण तेवढं वाक्य पुरं व्हायच्या आत बाळाच्या आजीनं त्यांच्या हातातला घुगऱ्यांचा द्रोण काढून घेतला.

अशा दिवसांत त्यांच्या मुलीनं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि मामांना जुन्या गाड्यांच्या जाहिराती सापडल्या. एखाद्या माणसाला उतारवयात अध्यात्म सापडावं तशा सापडल्या. स्वतः मामांना सायकलखेरीज काहीही चालवता येत नसे, आणि सायकलही उजवीकडे वळवायची असेल तर ते खाली उतरून वळवत. मग गाड्याच कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "भाजी सडते, आन् मानूस आयकत नाई. गाडी आपली चूप उभी राह्यते, जवाईबुवा."

त्यांची पद्धत अशी, की फोटोतली गाडी शेवटी बघायची. आधी तिच्याभोवतीचं जग बघायचं. चाकाखाली गाजरगवत किती वाढलंय, बोनेटवर पक्ष्यांनी काय लिहून ठेवलंय, दार उघडं का ठेवलंय, ते लागतच नाही म्हणून तर नव्हे, विकणाऱ्याचा एक हात चाकामागे कशाला गेलाय. हे सगळं ते फोनवर भिंग धरून बघत आणि मग जाहिरातीखाली आपलं मत मराठीत टंकून पाठवत. पांढरकवड्याच्या एका गृहस्थानं आपली जुनी जीप विकायला काढली होती आणि 'रोज वापरात' असं लिहिलं होतं. मामांनी खाली लिहिलं, 'पुढील उजव्या चाकावर बुलबुलाचे घरटे आहे. पक्षी रोज प्रवास करतो काय?' आणि पुढे स्वतःच्या मते योग्य ती किंमत लिहिली. त्या गृहस्थानं फोन करून मामांना अर्धा तास शिव्या दिल्या. मामांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि शेवटी विचारलं, "अंडी हायेत का त्याच्यात?" होती. पिल्लं उडून जाईपर्यंत जीप हलवायची नाही असं दोघांचं ठरलं. मग ती जीप मामांनी सांगितलेल्या किमतीलाच गेली आणि दिवाळीला त्या गृहस्थाकडून मामांकडे फराळाचा डबा आला. मामांनी चकलीची प्रत मध्यम ठरवली.

हे सगळं मी लांबून, यवतमाळात बसून, पोट धरून हसत ऐकायचो. पण एकदा एका जाहिरातीनं मलाच गाठलं. उमरखेडहून कुणी एक गाडी विकायला काढली होती. गोल बोनेटची, फुगलेल्या गालांची, जिला आमच्या लहानपणी सगळे लाडानं 'डुक्कर गाडी' म्हणत, ती. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे तशीच एक होती. ती रोज सकाळी ढकलून सुरू करावी लागे आणि ढकलणाऱ्यांत मी कायम पुढे असे. आत बसायला मात्र एकदाही मिळालं नव्हतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'प्रोजेक्ट कार. एकच मालक. थोडं काम बाकी. चाळीस हजार.' फोटो एकच होता आणि त्यात गाडीचं फक्त तोंड दिसत होतं. मी मामांना फोन केला. त्यांनी भिंगानं पाहून सांगितलं, "तोंडच दाखवून राह्यला, म्हंजे मागं काहीतरी झोल हाय. तीसच्या वर एक रुपया नाई. पन जाऊन पाहू."

उमरखेडच्या एसटीत मामांनी मला शिकवून तयार केलं. गाडी बघून हसायचं नाही. 'वा' म्हणायचं नाही. हात लावायचा नाही. "आन् मी खोकललो का तुम्ही ताबडतोब उठाचं, जसं काही आपल्याले गरजच नाई. समजलं?" मी म्हटलं समजलं.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. निवृत्त शिक्षिका होत्या, मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या आणि जाहिरात त्या मुलीनंच टाकली होती. बाईंनी आम्हाला मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेऊन दोन खुर्च्या दिल्या. तिथे फोटोतलं ते तोंड होतं. तोंडामागे गाडीचा रिकामा सांगाडा होता आणि बाकीची सगळी गाडी भिंतीवरच्या फळ्यांवर, बरण्यांमध्ये भरून ठेवलेली होती. लोणच्याच्या बरण्या, कॉफीच्या बरण्या, मुरंब्याच्या बरण्या. शेडमध्ये धूळ इतकी की मामांना खरोखरीचा खोकला आला. मी ताबडतोब उठलो. मामांनी मला डोळ्यांनी खाली बसवलं. पुन्हा खोकला आला, मी पुन्हा उठलो. चौथ्या वेळी बाईंनी काळजीनं विचारलं, "पाठीचा त्रास आहे का हो यांना?"

"ह्यांनी स्वतःच्या हातानं उघडली गाडी," बाई सांगू लागल्या. "रोज शाळेतून आले की इथेच. अकरा वर्षं उघडत होते. आता जोडायला घेतो म्हणाले, आणि गेले."

मामा उठून फळीजवळ गेले. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मामा एकेक वाचत चालले. 'डावं मागचं दार, वरची बिजागरी, स्क्रू तीन. मधला रुसतो, आधी तेल द्यावे.' 'वायपरची मोटर. चालू आहे, पण मनात आलं तर.' 'ही स्प्रिंग कशाची ते कळले नाही. फेकू नये, आठवेल.' मी अधीरपणे बसून होतो. मामांनी सगळ्या बरण्या वाचल्या, एकही सोडली नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "बाई, किंमत चुकली तुमची."

बाई गोऱ्यामोऱ्या होऊन एकदम ओशाळल्या. "जास्त झाली का? मी मुलीला म्हटलंच होतं."

"कमी झाली. पन्नास घ्या."

आता मला खोकला आला. मी जोरजोरात खोकललो. मामा जागचे हलले नाहीत. बाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि मामांना म्हणाल्या, "पण पन्नासला घेणार कोण?"

"हे घेऊन राह्यले ना," मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

परतीच्या एसटीत पुसद येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. पुसदला मी फुटलो. "मामा, तुम्हीच म्हणाला होतात ना, तीसच्या वर एक रुपया नाही?"

"लोखंड तीसचंच हाय," मामा शांतपणे म्हणाले. "पन अकरा वर्षांत त्या मानसानं एक स्क्रू हरवू नाई देल्ला. तुम्ही एवढ्या वर्षांत एक छत्री तरी टिकवली का?"

माझ्या बायकोनं पुढचे पंधरा दिवस हे वाक्य घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

गाडी एका ट्रकमध्ये घालून नेरला मामांच्या अंगणात आणली. बरण्या मात्र मामांनी ट्रकमध्ये ठेवू दिल्या नाहीत; त्या एसटीनं, दोन खेपांत, मांडीवर घेऊन आणल्या. जोडायला गावातले रशीदभाई मिस्त्री आले. अंगणात मांडलेल्या बरण्या बघून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मामा, गाडी आनली का लोनचं?" पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्या कागदांची चटक लागली. मामा ओट्यावर बसून एकेक कागद मोठ्यानं वाचायचे आणि गाडीखालून रशीदभाई "बरोबर, बरोबर लिव्हलं उस्तादनं" म्हणायचे. न पाहिलेल्या त्या मास्तरांना ते उस्ताद म्हणू लागले होते. भांडणंही झाली. मामांना प्रत्येक नटाची प्रत ठरवायची असायची आणि रशीदभाईंना तो फक्त बसवायचा असायचा. एकदा तर रशीदभाई पाना टाकून घरी निघून गेले आणि मामींनी स्वतः शिरा घेऊन जाऊन त्यांना परत आणलं. सात महिन्यांनी गाडी उभी राहिली आणि ती स्प्रिंग तेवढी उरली. ती कशाची, ते रशीदभाईंनाही कळलं नाही. मामांनी तिची बरणी देवघरात ठेवली.

गाडी सुरू झाली तेव्हा तिनं असा आवाज केला की समोरच्या दुकानदारानं शटर ओढून घेतलं. मी आनंदानं सुकाणू धरून बसलो, तर मामा खिडकीशी आले. "आधी उमरखेडले न्या. पयले बाई बसतीन."

रशीदभाईंनाही मागच्या सीटवर घेतलं. नेर ते उमरखेड या प्रवासाला दिवसाचा बहुतेक उजेड लागला. सहा ठिकाणी गाडी तापली, सहाही ठिकाणी लोक जमले आणि सहाही ठिकाणी मामांनी उतरून त्यांना गाडीची खरी किंमत सांगितली. बाईंचं सामान बांधून झालं होतं, दोन दिवसांनी त्या निघणार होत्या. गाडी बघून त्या तशाच वळल्या. आत गेल्या, चांगलं लुगडं नेसून आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. आम्ही बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो. बाई सरळ समोर बघत होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. उतरल्यावर मी दार लावायला गेलो तर ते काही केल्या लागेना. रशीदभाईंचा जीव अर्धा झाला. बाईंनी मला बाजूला केलं, दार हलकेच वर उचललं आणि आत ढकललं. ते लागलं.

"असंच लागतं ते," त्या म्हणाल्या. "मला सवय आहे."

मामा तोंड फिरवून शेजारच्या बकरीकडे बघत उभे राहिले. कितीतरी वेळ बघत राहिले. बकरीची किंमत मात्र त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही.

आता मामांना दिसत नाही. काचबिंदू होता आणि तो कळेपर्यंत फार उशीर झाला. सगळ्या जगाच्या मालातला दोष शोधणाऱ्या माणसानं स्वतःच्या डोळ्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी मी ती गाडी घेऊन नेरला जातो. मामा ओट्यावर बसलेले असतात. मी त्यांना जाहिराती वाचून दाखवतो, फोटोत काय काय आहे ते सांगतो आणि ते किंमत करतात. पण तसल्या जुन्या गाड्या आता फारशा विकायलाच निघत नाहीत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या, कुणाच्या चाकाखाली गवत नाही. मग कधीकधी मी मनानंच एखादी रचून सांगतो. परवा मी त्यांना दारव्ह्याची एक निळी गाडी सांगितली. तिच्या टपावर दोडक्याचा वेल चढवला, मागच्या सीटवर कोंबडी बसवली, आणि विकणाऱ्याला गाडीशेजारी धोतर नेसवून उभा केला.

मामा मान खाली घालून ऐकत होते.

"मानूस खोटं बोलून राह्यला, जवाईबुवा," ते शेवटी म्हणाले. "पन मन लावून बोलून राह्यला. वाचा पुढं. कोंबडी कोन्त्या रंगाची हाय?"