ओफेलियाच्या नकाशावरची लाल ओळ

हिवाळ्यात आमच्या वाळवंटातल्या टूसॉनला उत्तरेकडचे लोक सायकल चालवायला येतात. ज्यांना मोटार नसते, त्यांना कोणी ना कोणी ओफेलिया ब्राकामोंतेचा पत्ता देतं. ती माझी शेजारीण. मागची खोली पाहुण्यांना देते आणि त्यांच्या सुट्टीचा नकाशा हाताने काढून देते: कोरड्या नदीच्या काठचा रस्ता, कुठल्या बसच्या पुढच्या रॅकला सायकल अडकवायची, बुरितो कुठे खायचा, सराट्याच्या काट्यांनी चाक बसलं तर रामिरोचं, म्हणजे माझं दुकान. खाली लाल शाईत एक ओळ असायचीच: ‘चारनंतर खाणीच्या रस्त्याला जायचं नाही. सूर्य मोटारवाल्याचे डोळे घेतो.’

त्या ओळीचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात त्याच रस्त्यावर ओफेलियाच्या मोटारीखाली कर्ट नावाचा सायकलवाला तरुण गेला. ‘सूर्य डोळ्यांत होता, काही दिसलं नाही,’ असं तिने कोर्टात सांगितलं. परवाना गेला. मोटार तिने स्वतःहून विकली आणि पुन्हा कोणाच्याही मोटारीत बसली नाही. माझी बायको गेली तेव्हासुद्धा दोन बस बदलून दफनाला आली. लोकांनी त्याच्या आठवणीसाठी त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी केली आहे. आमच्या उन्हात वर्षभरात रंगाचे पोपडे निघतात, म्हणून दर नोव्हेंबरात एका सकाळी ओफेलिया डबा-ब्रश घेऊन जायची. सूर्याचा गुन्हा बिचारी भोगतेय, असं आम्ही म्हणायचो. सगळ्यांत मोठ्याने मी. का लपवू, मला ती आवडायची.

मग थेट उत्तरेतल्या डुलुथहून पत्र आलं. आर्डिस टोलेफ्सन, वय चौऱ्याहत्तर. ‘मोटार चालवत नाही. डिसेंबरात चार दिवस येईन. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या, कर्टच्या, पांढऱ्या सायकलपाशी जायचं आहे. आखणी करून द्यावी.’

ओफेलिया पत्र घेऊन दुकानात आली. “तिला माहीत नाहीये मी कोण ते.”

“मग सांगू नकोस. नदीकाठ फिरव, चार घास चांगले घाल आणि बसमध्ये बसवून दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“अकरा वर्षं झाकलेलीच आहे रे. आता हात दुखतो.”

ती रंगाबद्दल, त्या फेऱ्यांबद्दल बोलतेय असं मला वाटलं. इतका मी शहाणा.

आर्डिसबाई काटक होत्या, बोलणं मोजकं. पहिले दोन दिवस नकाशाबरहुकूम गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं सायकलींवरून निघालो. मी पंप घेऊन मागे, म्हणायला मदतीला, खरं तर ओफेलियाला सांभाळायला. सकाळी अकराला पोचलो. आर्डिसबाईंनी पांढऱ्या दांडीवरून हात फिरवला.

“कोण रंगवतं?”

“मी,” ओफेलिया म्हणाली. “बाई, ती मोटार मी चालवत होते.”

“ठाऊक आहे. कोर्टाच्या कागदात तुमचं नाव होतं. म्हणून तर तुम्हालाच लिहिलं.” त्या दगडावर बसल्या. “किती वाजले होते तेव्हा?”

“चार वाजून दहा.”

“मग थांबू या.”

“चारनंतर इथे कोणी थांबत नाही, बाई,” मी मध्ये तोंड घातलं. “नकाशात लिहिलंय.”

“वाचलंय मी. लाल शाईत आहे.”

पाच तास आम्ही तिथे बसलो. माझ्या सायकलचं चाक धडधाकट होतं, तरी मी ते दोनदा उघडून बसवलं. साडेतीनला खाणीच्या मातीच्या ढिगाची सावली रस्त्यावर उतरली. चारला पांढरी सायकलही सावलीत गेली आणि कुडकुडायला झालं. चार वाजून दहा मिनिटांनी आर्डिसबाई रस्त्याच्या मधोमध, मोटार ज्या दिशेने चालली होती तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीही राहिलो. सूर्य कधीच ढिगाआड गेला होता. लांबच्या ट्रकचा नंबर वाचता येत होता.

कोर्टातलं कोणी इथे चारला येऊन उभं राहिलं नव्हतं. आणि आम्ही, लाल ओळ पाळणारे, तर नाहीच.

“ढीग तेव्हा लहान असेल,” मी म्हणालो.

“नाही रामिरो,” ओफेलिया म्हणाली. “खाण बंद पडून वीस वर्षं झाली.”

“मग?” आर्डिसबाईंनी विचारलं.

“संत्रं सोलत होते. दोन्ही हातांनी. स्टिअरिंग गुडघ्याने धरलं होतं. साल अखंड निघत होती, ती तुटू नये म्हणून खाली बघत होते.”

आर्डिसबाई रस्त्याच्या कडेला आल्या. हातमोजे चढवत म्हणाल्या, “अकरा वर्षं मी सूर्याला शिव्या देतेय. आमच्याकडे हिवाळ्यात तो आधीच कमी.” दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने त्या गेल्या. चौथ्या दिवसाचा नकाशा टेबलावरच राहिला.

मी महिनाभर ओफेलियाशी बोललो नाही. कुंपणापलीकडे तिच्या झाडाची संत्री पिकून गळत होती, आणि मला तिचा भयंकर राग येत होता. सूर्याची साक्ष गल्लीभर मीच काढत फिरलो होतो ना!

जानेवारीत एक कॅनडाचं जोडपं पंक्चर घेऊन आलं. नवऱ्याने खिशातून ओफेलियाचा नकाशा काढला. तीच नदी, तीच बस. लाल शाईतली ओळ मात्र नवी होती: ‘खाणीच्या रस्त्यावर पांढरी सायकल आहे. तो मुलगा माझ्या मोटारीखाली मेला. माझ्या हातात संत्रं होतं. मोटारवाल्याचे हात बघत चला.’

“खरं आहे का हो हे?” त्याच्या बायकोने हळूच विचारलं. “आम्ही दुसरीकडे खोली बघावी का?”

मी सराटा उपटला, ठिगळ लावलं, हवा भरली.

“बघा,” मी म्हणालो. “पण नकाशा तिचाच न्या.”