घाटापलीकडची सून

ती घटना आजही आठवते.

महायुद्धाचा काळ होता. खानापूर तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. घाटाखाली पोर्तुगिजांचा गोवा. तिकडून विनापरवाना आलेला माणूस परका समजून त्याला हद्दपार करा, असे हुकूम वरून सारखे येत.

एका सकाळी हजेरी चालू असताना जांबोटीच्या पुढच्या वाडीतला एक तरुण ठाण्यात आला.

"माझी वहिनी गोव्याची हाय, सायेब. पास न्हाय तिच्याकडं. भाऊ मेला, आता तिचा इथं काय संबंध?"

खबर देणारा बहुधा इकडेतिकडे बघतो. हा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. अशा वेळी समजावे, भांडण घरातले आहे. चौकशीत कळले, शेताच्या वाटणीवरून बिनसले होते. पण खबर ती खबर. मी वर कळवले आणि बेळगावहून हुकूम आला: बाईला घाटाखाली नेऊन सोडावे.

हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी वाडीवर गेलो. बाई पळाली नव्हती, लपलीही नव्हती. सासूशेजारी ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. वाडीने आम्हाला पाणी दिले, भाकरी दिली, बसायला घोंगडे अंथरले. जेवण झाल्यावर मी बैलगाडी मागितली.

"गाडी मिळायची न्हाय," पोलीस पाटील म्हणाला.

"कुणाकडे तरी असेल."

"हायत की चिक्कार. पण तिला न्यायला न्हाय मिळायची."

त्याने पाटीलकीचा बिल्ला काढून माझ्यासमोर ठेवला. "दुसरा पाटील बघा, सायेब." एवढ्या नोकरीत मी असा पाटील पाहिला नव्हता.

चालत नेऊ म्हणून निघालो, तर वाटेवर सगळी वाडी बसलेली. बायका, म्हातारे, शेतातून तशीच आलेली माणसे. शिवी नाही, दगड नाही, घोषणाही नाही. हवालदाराने एकदा काठीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितले. मी मान हलवून नको म्हटले. त्याच माणसांची भाकरी अजून आमच्या पोटात होती.

मी तिथेच जबाब घ्यायला बसलो. बाईचा जन्म गोव्यातला, असे सांगणारा एकटा तिचा दीर होता. एकट्याच्या शब्दावर सगळ्या वाडीविरुद्ध जादा बंदोबस्त मिळणार नव्हता; आणखी एखादा साक्षीदार मिळाला असता, तर तो मागवता आला असता.

"ही बाई कुठली?"

"आमची."

"जन्म कुठला?"

"आमी काय बाळंतपणाला गेलतो व्हय, सायेब?" एक म्हातारा म्हणाला. कुणी हसले नाही.

शेवटी सासूला पुढे बोलावले. "ही तुमची सून ना?"

"न्हाय. लेक हाय. माझ्या पोटची."

लिहिणाऱ्या शिपायाचा हात थांबला. मी म्हणालो, "आजी, विचार करून बोला. ही लेक, तर हिचा नवरा तुमचा कोण?"

म्हातारीचे ओठ हलले. "जावई. घरजावई करून आणलेला."

"म्हणजे तो तुमचा मुलगा नव्हता?"

"न्हवता."

"आत्या, नगं!" सून सासूकडे वळून किंचाळली. "माझ्यापायी त्यांस्नी टाकू नगासा!"

म्हातारीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

गुन्ह्यातून सुटायला सख्ख्या भावाला ओळख न दाखवणारी माणसे मी पाहिली होती. पण मेलेल्या मुलाला सगळ्या वाडीदेखत 'पोटचा नव्हे' म्हणणारी आई प्रथमच पाहत होतो. आणि वाडीतले एकही माणूस 'हे काय' म्हणाले नाही.

आता सगळे त्या दिराच्या हातात होते. तो मागे एकटाच उभा होता. मी दरडावून विचारले, "मेलेला तुझा कोण?"

"अण्णा..." एवढेच बोलून त्याने आईकडे पाहिले. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"खरे सांग. सख्खा भाऊ ना?"

त्याचा चेहरा पार उतरला. "दाजी," तो म्हणाला. "दाजी हुता माझा. ही माझी आक्का." आणि मटकन खाली बसून पोरासारखा रडू लागला.

खबर देणाराच फिरला. 'खबर खरी ठरत नाही' असा अहवाल मी पाठवला. त्यावर वरून ताशेरा आला. बाई वाडीतच राहिली.

खोटे जबाब मी जन्मभर ऐकले. माणूस काहीतरी वाचवायला खोटे बोलतो, असे मी नव्या शिपायांना सांगत असे. त्या दिवसानंतर एवढेच पुढे जोडू लागलो, की बोलताना तो काय गमावतो आहे, तेही बघत जा.

युद्ध संपल्यावर जांबोटीच्या बाजारात ती म्हातारी एकदा भेटली. मी गणवेशात नव्हतो, ऐकायला जवळ कुणी नव्हते. वाटले, आता तरी हिने मनातले बोलावे.

"आजी, तुमचा थोरला मुलगा कसा होता हो?"

तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"थोरला न्हवताच मला, सायेब. जावई हुता. लई गुणाचा."