दुर्बीणबाई गाडी बघते

आभाळ पहाटेपासून ओल्या पोतेऱ्यासारखं घरांवर पडून होतं. दोरीवरचे कपडे दमट, भिंती दमट, काडेपेटीही दोन काड्या वाया घालवून मग पेटली. सुईणबाईने स्टोव्हवर पातेलं चढवलं, त्यात कात्री, चिमटे, नाळेला लावायच्या पकडी टाकल्या आणि झाकण ठेवलं. पाणी खळखळून उकळलं. तिने ते ओतून टाकलं आणि दुसरं पाणी घेऊन पुन्हा उकळायला ठेवलं.

“अगं, एकदा उकळलं की मेलं सगळं,” दाराशी शिवणयंत्रावर बसलेला नवरा म्हणाला.

“तुम्ही बघितलंत मेलेलं?”

नवरा शिंपी होता. समोरच्याने सांगितलेल्या मापावर कापड कापणारा भोळा माणूस. तो यंत्राचं पायडल हलवत राहिला.

बाईला सगळे दुर्बीणबाई म्हणायचे, तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. कापसाचं नवं पाकीट ती आधी हुंगणार. दुकानदार ‘ताजं आहे’ म्हणाला की तिला ते शिळं वाटणार. पोटुशी बाई ‘बरं वाटतंय’ म्हणाली तरी आधी पोटावर हात, मग कानाला लाकडी नळी, मग पुन्हा हात. ह्या खोडीपायी कित्येक आडवी पोरं वेळेत कळली होती. त्यामुळे लोक तिला हसायचे, आणि घरात कळा सुरू झाल्या की तिच्याच दाराशी धावत यायचे.

त्या सकाळची हत्यारं भाचीसाठी उकळत होती. डोंगरावरच्या वस्तीत राहणारी ही पोर तिच्या धाकट्या भावाची, पहिलटकरीण. आदल्या संध्याकाळी तिचा नवरा पायी उतरून आला होता. चपला हातात, पोटरीपर्यंत चिखल.

“आत्या, तिचे पाय सुजलेत. डोकं दुखतंय म्हणते. आणि म्हणते, आत्याशिवाय कुणी नको.” एवढा निरोप देऊन तो परत वर गेला होता.

सुजलेले पाय आणि डोकेदुखी, अशात झटके येऊन बाळंतीण दगावते, हे बाईला ठाऊक होतं. नुसतं चढून जाऊन भागणार नव्हतं. वेळ आली तर पोरीला तशीच खाली दवाखान्यात आणावी लागणार होती. त्यासाठी चढणारी गाडी हवी, आणि दारातली गाडी चढत नव्हती.

दारातली गाडी म्हणजे एक दुखणंच होतं. जुनी, चौकोनी, फोर-व्हीलची, म्हणजे दांडा टाकला की चारही चाकांनी ओढणारी, पत्र्याला हात लावला तर ठण्ण वाजेल अशी. दोन वर्षांपूर्वी त्याच धाकट्या भावाकडून घेतलेली. सपाटीवर ती बैलासारखी चालायची, पण एका पावसाळी सकाळी डोंगराच्या घसरणीवर फोर-व्हीलचा दांडा टाकूनही जागच्या जागी फिरत राहिली. बाई पिशवी घेऊन पायी पळाली. पोहोचेपर्यंत वरची बाळंतीण दाराची चौकट धरून एकटीच मोकळी झाली होती. दोघं जगली, हे तिचं नशीब. बाईने भावाला फोन लावला आणि म्हणाली, “बहिणीच्या गळ्यात भंगार बांधलंस.” “ताई, गाडीला काहीही झालेलं नाही,” एवढं तो म्हणतोय तोवर तिने फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद.

“एखाद्या मिस्त्रीला तरी दाखवली असती,” नवरा तेव्हा म्हणाला होता.

“हो, म्हणजे चांगले पार्ट काढून घेईल आणि वर मजुरी मागेल.”

तर आता दुसरी गाडी बघायची होती. नवऱ्याला शेजारी बसवून ती आपल्याच भंगारातून निघाली.

पहिल्यांदा जुन्या गाड्यांचं आवार. तिथला दलाल गुळगुळीत दाढी आणि त्याहून गुळगुळीत जीभ घेऊन पुढे आला. त्याने एका लालभडक गाडीच्या बॉनेटवर थाप मारली.

“मावशी, नव्यासारखी आहे. फक्त घरची माणसं बसलीत.”

“मग नवा रंग कशाला दिलात?”

“हौस हो.”

बाईने सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. आतल्या भागावर गाळाची करडी रेघ होती. सीटची गादी उचलून तिने नाक खुपसलं.

“ही पुरात पोहून आलेली आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“किती छान धुतलीय पण,” नवरा म्हणाला.

“म्हणूनच.”

तिथून लाकूडवाल्याकडे. त्याच्या वखारीमागे एक गंजकी गाडी विकायला उभी होती, बाईच्या गाडीच्या सख्ख्या बहिणीसारखी. भुशाने माखलेली, रंग उडालेला, आत रेडिओच्या जागी भोक. बाईला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच संशयही आला. तिने बॉनेटवर हात ठेवला. गार. म्हणजे इंजिन आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली. धूर काळा आला, मग पांढुरका, मग नाहीसा. तिने पिशवीतून लाकडी नळी काढली आणि इंजिनाच्या अंगाला लावून वाकली.

लाकूडवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. “मुलगा की मुलगी?”

“बोलू नका. ठोके मोजू द्या.”

मग ती खाली शिरली. चासीच्या सांगाड्यावर रंग फासलेला नव्हता, गंज उघडा होता. बोटाने दाबलं तर तो वरवरचा. पुढच्या चाकांना फिरवणारा लोखंडी शाफ्ट जागेवर होता. बाहेर आली तेव्हा पाठीला भुसा आणि चेहऱ्यावर नाइलाज. खोट सापडत नव्हती.

“वखारीमागच्या चढावर घालून बघते.”

“खुशाल घाला.”

चढ सुट्या खडीचा होता. नवरा शेजारी देवाचं नाव घेत बसला. बाईने फोर-व्हीलचा दांडा मागे ओढला, पहिला गिअर टाकला. गाडी निम्म्यावर गेली आणि मागची चाकं खडी उडवत गरगर फिरायला लागली. पुढची मुकाट.

तिने ब्रेक दाबला. त्या पावसाळी सकाळचा तोच आवाज.

“हीपण तसलीच!” ती खिडकीतून ओरडली. “सगळे मेले चोर, एका माळेचे मणी!”

लाकूडवाला धावत वर आला, पुढच्या चाकाशी वाकला आणि मधल्या गोल बटणाला पिळा दिला. कट्. दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. कट्.

“बाई, चाकांची ही लॉकं कोण फिरवणार, माझी सासू? आत नुसता दांडा टाकून काय होतंय? जुन्या गाड्यांना खाली उतरून दोन्ही चाकं जोडून घ्यावी लागतात. आता सोडा क्लच.”

तिने क्लच सोडला. गाडी दाढेखाली खडी चावत असल्यासारखी वर चढली आणि माथ्यावर जाऊन उभी राहिली.

बाई उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ती बसून होती, आणि तिला धाकटा दिसत होता. गाडी द्यायच्या दिवशी तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. ‘ताई, हे बघ, इथं’ म्हणत हात चाकाकडे नेत होता. टायरला कुठेतरी ठिगळ आहे आणि हा ते अंगठ्याखाली झाकतोय, असं तिला वाटलं. ‘पुरे, टायर बघितलेत मी. किल्ली आण,’ म्हणून तिने त्याला उठवलं होतं.

“अगं, काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही.”

खाली येऊन तिने लाकूडवाल्याच्या हातात किल्ली ठेवली. “चांगली आहे गाडी. पण नको.”

“का? काय निघालं?”

“काही नाही निघालं.”

“मग नको कशाला?” त्याचा चेहरा उतरला. “बाई, काहीतरी दिसलंय तुम्हाला. सांगा तरी!”

बाई फाटकाबाहेर पडली तेव्हा लाकूडवाला स्वतःच्या गाडीखाली शिरत होता. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते.

वळणापुढे तिने आपली गाडी थांबवली आणि पुढच्या चाकाशी बसली. बटण होतं. दोन वर्षांच्या चिखलाखाली, गंजाखाली, पण होतं. केसातला आकडा काढून तिने कडा कोरली, पिशवीतलं बाळाच्या मालिशचं तेल ओतलं आणि पिळून बघितलं. हलेना.

“सरक,” नवरा म्हणाला. त्याने खांद्यावरचं फडकं बटणाभोवती गुंडाळलं आणि दोघांनी मिळून पिळलं.

कट्.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. फडकं घेऊन तो दुसऱ्या चाकाकडे गेला. दुसरं चाक होईपर्यंत धुकं आणखी खाली आलं.

घरी फक्त पातेल्यातली हत्यारं उचलण्यापुरती ती थांबली. मग डोंगर. त्या घसरणीवर तिने दांडा ओढला आणि पहिला गिअर टाकला. पुढच्या चाकांनी चिखल धरला, सोडला, पुन्हा धरला. कुठेतरी बंद पडणारच, ह्या खात्रीने ती प्रत्येक वळणावर कान देत होती. गाडी कुठेच बंद पडली नाही.

धाकटा लेकीच्या अंगणात उभा होता. आवाज त्याने खालच्या वळणापासूनच ओळखला असणार. त्याची नजर आधी चाकांवर गेली, मग बहिणीवर.

“चढली?”

“चढली.”

“मी तेव्हा दाखवत होतो, ताई.”

“मग हात धरून का नाही दाखवलंस?”

“तुझा हात धरणारा जन्माला यायचाय अजून.”

नवऱ्याला खोकला आला. बाईने पिशवी काखेत मारली आणि दोन पायऱ्या चढून ती वळली. “गाडी तोंड फिरवून उताराकडे करून ठेव. चाकांना हात लावू नकोस. पोर खाली न्यायची म्हटलं तर लगेच निघायचंय.”

“बरं.”

“डिझेल बघ. काटा खोटं बोलतो. टाकीत काडी घालून बघ.”

“बरं, ताई.”

आत भाची भिंतीला टेकून बसली होती. आत्याला बघून तिने डोळे पुसले. “आत्या, आता बरं वाटतंय गं.”

“ते मी ठरवते.”

सुजलेल्या पायावर तिने अंगठा दाबला आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत राहिली. मग तिने पाणी मागितलं. पोरीच्या नवऱ्याने बादली आणली, म्हणाला, उकळलेलं आहे. बाईने बाह्या कोपराच्या वर सारल्या, साबणाची वडी नाकाशी नेली आणि बादली परत त्याच्याकडे सरकवली.

“पुन्हा उकळ.”

आणि पाणी येईपर्यंत ती नखं कापत बसली.