बारीतले नखुले

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये इटली म्हणजे व्हेनिसच्या होडीतला फोटो. मी ताईला घेऊन इटलीच्याच दक्षिणेकडच्या बारी शहरात निघाले तेव्हा शेजारीण म्हणाली, "तिथे बघायला काय आहे गं?" मला तरी कुठे ठाऊक होतं! पण मी हट्टाला पेटले की पेटले. "समुद्र आहे, बाजार आहे, आणि तुमच्या व्हेनिससारखी गर्दी नाही. बास!"

ताई माझी मोठी बहीण. भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांशी हिची बडबड असायची. भावोजी गेले आणि ती दार लावून बसली, म्हणून मीच तिला ओढून आणली होती.

दोन दिवस मी तिला किल्ला दाखवला, चर्च दाखवलं, बंदरावर नेलं. तिथे कोळी ऑक्टोपस दगडावर आपटत होते, ते बघून मी खूश, ही गप्प. मी चामड्याची पर्स घेतली, तर हिने घासाघीससुद्धा केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पलंगावर बसून म्हणाली, "माझं तिकीट बदल. उद्या जाते मी घरी. इथे पार मुकी झालेय गं."

माझं डोकंच सटकलं. "एवढ्या लांब आणलं ते तोंड पाडून बसायला?" असं ओरडले आणि मग मलाच रडू फुटलं. आता परत गेली की ही पुन्हा दार लावून घेणार, मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी म्हटलं, "संध्याकाळी एक चक्कर मारू, मग बदलते."

तिथली नाइटलाइफ म्हणजे अख्खं जुनं गाव रस्त्यावर. दारोदारी खुर्च्या, कुणाच्या हातात वाइन, एक आजी कढईत मक्याच्या पिठाचे तुकडे तळतेय. एका गल्लीत एक म्हातारी आणि दोघी-तिघी बायका दारात पाट मांडून रव्याच्या कणकेचे इवले इवले कान, म्हणजे तिथला पास्ता, वळत होत्या. ताई थबकली. "अगं, हे तर नखुले!" लग्नघरात खिरीसाठी आमच्या गावच्या बायका मिळून वळायच्या, तेच. फक्त ह्या सुरीने ओढत होत्या, आपण नखाने दाबतो.

न विचारता ताई पुढे झाली, कणकेचा गोळा उचलला आणि अंगठ्याच्या नखाने झपाझप नखुले पाडायला लागली. म्हटलं, लागली वाट, आता म्हातारी ओरडणार! म्हातारी ओरडलीच, पण शेजारणींना बोलवायला. खुर्ची आली. वाइन आली, ती ताईने माझ्याकडे सरकवली. ताई मराठीत, त्या इटालियनमध्ये, आणि सगळ्या एकदम बोलतायत. "अगं बाई, एवढे जाड नको करू, शिजणार कधी?" असं तिने म्हातारीला दटावलंसुद्धा. झकास! मी गल्लीच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात एका टूरिस्टने वाळत घातलेल्या नखुल्यांत बोटं घातली.

"ए! हात नको लावू! ओले आहेत!" ताई कडाडली.

तो बिचारा मागेच सरकला. मग त्याने मला इंग्रजीत हळूच विचारलं, ह्या बाई इथल्याच का?

"काय म्हणतोय गं?" ताईने मान वर न करता विचारलं.

"विचारतोय, तू इथलीच का."

"मग हो म्हण ना. आणि सांग त्याला, उद्या ये म्हणावं. तोवर वाळतील."