इसाओचं तिसरं कडवं

आमच्या इसाओ कुवाबाराने टोकियोत जाऊन एकच गाणं गाजवलं, 'दिवे लागले, चला घरी'. कडवी तीन, रेडिओने दोनच वाजवली. मग गावातल्या सुपरमार्केटने दुकान बंद करताना ते लावायला सुरुवात केली. तिथेही दुसरं कडवं संपता संपता शटर खाली. तीस वर्षं, रोज. इसाओ गिटार घेऊन कायमचा गावी परतला, तोवर लोकांना अशी सवय लागली होती, की ते गाणं कानावर पडलं की माणूस पिशवी उचलून चालू लागे.

वृद्धाश्रमात गायला, तर आज्ज्यांनी कोट मागितले. गरम पाण्याच्या कुंडावर गायला, तर लोक अंग न पुसताच निघाले. "मेल्यांनो, एकदा तरी तिसरं ऐका रे," म्हणून तो कळवळायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा.

यंदा त्याच्या गाण्याला चाळीस वर्षं झाली, म्हणून रविवारी दुपारी गावाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. सभागृहाची देखभाल माझ्याकडे.

"हिसाए, या वेळी ते गाणं गाळतोच," तो म्हणाला.

"गाळ की! मग लोक काय तुझं नाक बघायला येणारेत? तू गा. बाकीचं मी बघते."

सगळे छान ऐकत होते. इसाओने "दिवे लागले" म्हणताच त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसं उठली. दुपारचे साडेतीन वाजले होते! त्याचा चेहरा पडला, पण गडी गात राहिला. लोक दाराशी पोचले, तर तिथे काढून ठेवलेले बूट गायब. ते मी मागच्या खोलीत कुलपात घातले होते.

"हिसाए, बूट बाहेर काढ! भात लावायचाय मला," तोफूवाली त्सुने खेकसली.

"भात कुठे पळून जात नाही. गप उभी राहून ऐक."

मोज्यांवर ताटकळत का होईना, गावाने दुसरं कडवं ओलांडलं. आणि मग ते आलं:

निघालात? बसा जरा,
आधण ठेवलंय चहाला.

कुणी हललं नाही. मग त्सुने पिशवी मांडीवर घेऊन दारातच, जमिनीवर बसली. तिच्यामागे सगळेच बसले. हे गाणं सांगेल ते करायचं, ही तीस वर्षांची शिस्त. इसाओला रडू फुटलं. शेवटची ओळ त्याला धड म्हणताही आली नाही.

गाणं संपल्यावर मी कुलूप काढून बूट मांडले. तरी कुणी उठेना.

"अगं हिसाए," त्सुने म्हणाली, "चहा कुठाय?"