भट्टीसमोरचा दादा

दादाचा भट्टीवरचा तो शेवटचा दिवस होता. एकतीस वर्षं त्याने लोखंड वितळवलं, पण कामावरचा त्याचा एकही धड फोटो नव्हता, तोही सख्खी बहीण फोटोग्राफर असताना! ती काढायला गेली की वितळलेल्या लोखंडाचा रस छान यायचा आणि दादाचं तोंड काळंठिक्कर. तोंड दिसावं म्हणून उजेड वाढवला, तर रसाचा नुसता पांढरा डाग.

या खेपेला तिने हौशी मंडळींनी बनवलेलं, अजून चाचणीतच असलेलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यात घातलं. त्यात एकाच फोटोतल्या काही आडव्या ओळी उजेडासाठी टिपल्या जातात, काही अंधारासाठी.

"कॅमेरा बिघडला तर कंपनी हात वर करेल," नवऱ्याने बजावलं होतं.

रस ओतला गेला, तिने पटापट फोटो काढले. बघते तर दादाच्या तोंडावर आडवे पट्टे! पट्टे नंतर काढता येतात असं तिने वाचलं होतं, तरी ती फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघू लागली.

दादा डोकावून म्हणाला, "झेब्रा केलास की गं माझा!"

घरी तिने फर्मवेअरसोबतचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालवला. ओळी एकमेकींत मिसळल्या, पट्टे गेले. रसाची केशरी धार स्वच्छ दिसत होती आणि दादाच्या भुवईवरचा घामही. तिचा जीव भांड्यात पडला.

वहिनीने कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. ती बराच वेळ फोटो बघत राहिली.

"अगंबाई, हे तिथे हसतात?"

"मग काय रडू?" दादा म्हणाला.